भेंड आणि साल

कडब्याची पेंढी सोडली की आप्पा तिच्यातलं एक धाट निवडून काढायचे. फार जाड नको, फार बारीक नको. पेर लांब हवं आणि वाळून खडखडीत झालेलं हवं. पाचोळा झटकून ते धाट मांडीवर आडवं घ्यायचे, उजव्या अंगठ्याचं नख पेराच्या टोकाशी रुतवायचे आणि सालीची एक पट्टी अशी ओढत न्यायचे की ती मधे कुठंही न तुटता पुढच्या कांड्यापर्यंत सुटून यायची. एक पट्टी, दुसरी, तिसरी. पाच-सहा पट्ट्या निघाल्या की हातात उरायचं पांढरं, हलकं, बोटानं दाबलं तर खड्डा पडणारं भेंड. एवढ्या दोन गोष्टींतून आमची सगळी खेळणी व्हायची. भेंडाचा बोटभर तुकडा म्हणजे बैलाचं धड. सालीच्या चार काड्या खुपसल्या की पाय, दोन वाकवून खुपसल्या की शिंगं. साल गोल वळवून तिची टोकं भेंडात रोवली की गाडीचं चाक. त्याच रीतीनं चष्माही व्हायचा, आणि तो नाकावर ठेवून आजीपुढं उभं राहिलं की ती चुलीपुढून म्हणायची, "मास्तरीणबाई आल्या जनू."

"सालीला धार असती पोरी, बोट लांब ठेव," आप्पा दर वेळी सांगायचे आणि दर वेळी माझं बोट चिरायचं. चिरलेलं बोट तोंडात घालून मी दुसऱ्या हातानं भेंड दाबत बसायचे. एकाच धाटात बोट कापणारी वस्तू आणि बोटाखाली दबणारी वस्तू अगदी अंगाला अंग लावून असते, हे मला तेव्हा कळलं होतं. त्याला शब्द नव्हते, एवढंच.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठार उघडलं ते हेच मंगळवेढं, आणि आजही त्याची ओळख ज्वारीचीच आहे. २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला एम ३५-१ हा वाण आमच्या रानात वर्षानुवर्षं पेरला गेला. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा, तोही लहरी. पाऊस संपल्यावर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ही ज्वारी येते. पेरताना माणसाच्या भाकरीचा जेवढा विचार, तेवढाच जनावराच्या कडब्याचा. सकाळी गव्हाण झाडायला गेलं की गाईनं काय खाल्लं आणि काय सोडलं ते नीट दिसायचं. पाला गेलेला, शेंड्याकडचं कोवळं गेलेलं, आणि बुडख्याकडची चिपाडं तशीच. तिच्या जिभेला धाटाचा कुठला भाग कसला आहे हे आमच्याइतकंच ठाऊक होतं.

नववीत प्रश्न आला: फरक स्पष्ट करा, मूल ऊती आणि दृढ ऊती. मी पट्टी घेऊन उभी रेघ आखली. डावीकडे लिहिलं, पेशी जिवंत, भित्तिका पातळ, अन्न साठवणे. उजवीकडे लिहिलं, पेशी मृत, भित्तिका जाड व लिग्निनयुक्त, बळकटी देणे. सगळे गुण मिळाले. पण डावीकडचा रकाना म्हणजे आप्पांच्या हातातलं भेंड आणि उजवीकडचा म्हणजे माझं बोट कापणारी साल, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझंही मला सुचलं नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे ज्वारी उभी होती. एक धाट वर्गात आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पुढं तीस वर्षं मी स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्या न आणलेल्या धाटाचं दुःख मला प्रत्येक जूनमध्ये नव्यानं झालं.

ते धाट मला भेटलं ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी. एकदल खोडाच्या प्रात्यक्षिकाला मका ठेवायची पद्धत. त्या दिवशी मका मिळाला नाही म्हणून शिपाईमामांनी जवळच्या रानातून ज्वारीची चार हिरवी धाटं आणून टेबलावर टाकली. दाढीच्या पात्यानं आडवे काप घ्यायचे, काचेच्या बशीत पाण्यावर सोडायचे, त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ न दिसणारा काप कुंचल्यानं उचलायचा. त्यावर सॅफ्रॅनिनचा थेंब, मिनिटभर थांबून धुवायचं, ग्लिसरीन, वर आच्छादक काच. मी डोळा लावला. कडेला गडद लाल कडं. आत फिकट, मोठाल्या, पातळ भिंतींच्या कोठड्या, एकीला एक चिकटून. आणि त्या कोठड्यांच्या पसाऱ्यात विखुरलेले छोटे छोटे चेहरे. खरोखर चेहरेच: दोन मोठ्या जलवाहिन्या म्हणजे डोळे, खालची पोकळी म्हणजे उघडं तोंड, कपाळाच्या जागी रसवाहिन्यांचा नाजूक पुंजका, आणि भोवती दृढ ऊतींची लाल टोपी. कडेला हे चेहरे लहान आणि दाटीनं, आत जावं तसे मोठे आणि विरळ.

सॅफ्रॅनिन लिग्निनला धरतं. जिथं भित्तिकेत लिग्निन भरलंय तिथं लाल, जिथं नाही तिथं फिकं. म्हणजे आप्पांचं नख जी रेघ धरून साल उचलत होतं, तीच रेघ तो रंग मला दाखवत होता. मी डोळा न काढता म्हणाले, "मॅडम, हे तर भेंड आहे." त्या खाली वाकल्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "भेंडच. मला वाटलं होतं तुम्ही पोरी कधी ओळखणारच नाही."

भेंडाच्या पेशी हिरव्या धाटात जिवंत असतात, पाण्यानं आणि साखरेनं टचटचीत भरलेल्या. म्हणून कोवळं धाट चघळलं तर गोडसर लागतं. धाट वाळलं की त्या मरतात, पाणी जातं आणि कोठड्यांत हवा भरते. आमचा बैल इतका हलका असायचा तो या हवेमुळं. सालीतल्या दृढ ऊती मात्र धाट शेतात डोलत असतानाच मरून गेलेल्या असतात. त्यांनी आपल्या भित्तिका जाड केल्या, त्यांत लिग्निन भरलं, आणि मग आतला जीव संपला. पुरुषभर उंच धाट कणसाचं ओझं घेऊन वाऱ्यात उभं राहतं ते या मेलेल्यांच्या जोरावर. नववीच्या तक्त्यात 'मृत' हा शब्द मी उणेपणासारखा लिहिला होता. तिथं जाऊन तो पुसावा असं मला अजूनही वाटतं.

ऊती हा शब्द कुठून आला, हे मला फार उशिरा कळलं. संस्कृतात 'वे' हा धातू विणण्याचा. त्यापासून ऊत म्हणजे विणलेलं आणि ऊती म्हणजे वीण. आपण रोज म्हणतो तो 'ओतप्रोत' त्याच घरातला, उभं-आडवं एकात एक गुंफलेलं. इंग्रजीतला 'टिश्यू'ही फ्रेंच भाषेतल्या विणलेल्या कापडापासून निघाला. वनस्पतींच्या अंतरंगाचा पहिला मोठा अभ्यास करणाऱ्यांत नेहेमाया ग्रू हा इंग्रज वैद्य होता. १६८२ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं सगळं कशासारखं आहे हे सांगताना त्यालाही आठवली ती बायका उशीवर विणतात ती लेस. ऊती हा शब्द घडवणारे आणि ग्रू, दोन टोकांची माणसं, आणि झाडाच्या आतलं सांगताना दोघांनाही विणकरच आठवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यातून मी सोलापूरची. या गावाला विणकाम सांगावं लागत नाही.

सोलापुरात आम्ही साखर पेठेत राहायचो. पलीकडच्या घरात दोन माग, आणि त्यांच्या खडखडाटावर आमचा दिवस चालायचा. वीज गेली की कान दुखल्यासारखी शांतता. घरमालक पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. घरातल्या बायका कांड्या भरायच्या, अण्णा मागाच्या भीमावरचा, म्हणजे रुळावरचा, ताणा निरखत उभे असायचे. कुठं एक धागा तुटला तर एवढ्या हजारांमधून त्यांना तो बरोबर दिसायचा. बोटांत काय व्हायचं ते दिसायचंही नाही, गाठ बसलेली असायची. एकदा मी विचारलं, ताणा आणि बाणा यांचं सूत वेगळं असतं का? म्हणाले, "सूत एक असू दे की. ताण्याला खळ द्यावी लागती. ताण सोसायचा आसतो ना त्याला. बाणा नुसता येतो-जातो, त्याला कशाला खळ?"

या एका वाक्यावर मी पुढं कितीतरी तास शिकवले आहेत. झाडातही सूत एकच असतं, सेल्युलोजचं. भेंडाच्या पेशीची भित्तिका सेल्युलोजची, सालीतल्या पेशीचीही सेल्युलोजचीच. जिला ताण सोसायचा तिला खळ दिली जाते, आणि ती खळ म्हणजे लिग्निन. मागाची खळ धुतली की निघून जाते, चादर मऊ होते. झाडाची खळ निघत नाही. कागदाच्या कारखान्यात ती काढायला लगदा रसायनांत शिजवावा लागतो, आणि गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव, जे सेल्युलोज सहज फोडतात, तेही तिच्यापुढं हात टेकतात. गव्हाणीतली ती उरलेली चिपाडं!

पण विणकामाची उपमा एका ठिकाणी मला अपुरी पडते, आणि तिथंच झाडाची खरी गंमत आहे. कापडात सूत आधी असतं, वीण नंतर. ताण्याचा धागा उद्या बाण्यात घालता येतो. झाडात आधी तयार असलेला धागा नसतोच. शेंड्याच्या टोकाला विभाजी ऊतींचा मोहरीहूनही लहान ठिपका असतो. तिथल्या पेशी फक्त दुभंगत राहतात, एकीच्या दोन, दोनांच्या चार. जन्मलेली पेशी शेजारणीला चिकटूनच जन्मते आणि आयुष्यभर तिथंच राहते. प्राण्यांच्या गर्भात पेशी सरकतात, प्रवास करतात. झाडातल्या पेशीला ती सोय नाही. कडेला जन्मली तर साल, आत जन्मली तर भेंड, मधल्या एखाद्या रेषेवर जन्मली तर जलवाहिनी. काय व्हायचं हे कुळावरून ठरत नाही, तिला मिळालेल्या जागेवरून आणि शेजारपाजारच्या निरोपांवरून ठरतं. साऱ्याजणींच्या पोटात वाचायला एकच पोथी असते; कुणी कुठलं पान उघडायचं एवढाच फरक.

अण्णांच्या मागावरच्या सुताचं मूळ शोधलं तर तीही एक गोष्टच आहे. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या कातडीवरचा केस. एक तंतू, एक पेशी. फूल उमलतं त्या दिवसाच्या आसपास सरकीच्या वरच्या थरातली ती पेशी उठते आणि तीनएक आठवडे नुसती लांबत जाते. अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या जाडीच्या हजारपटीहून जास्त. मग आतून सेल्युलोजचे थर चढवते, मरते, आणि बोंड उकललं की वाळून चपटी होऊन पीळ खाते. त्या पिळामुळं तंतू तंतूला धरतो आणि सूत निघतं. खळीचा इथं पत्ता नाही, म्हणून कापूस अंगाला मऊ. अंबाडीचं तसं नाही. तिचा वाख म्हणजे सालीतल्या, रसवाहिन्यांच्या शेजारच्या दृढ पेशींच्या जुड्या. गावात अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवलेल्या असत. पाणी कुजकट वास मारायला लागलं की समजायचं, पेशींना धरून ठेवणारा डिंक सुटला. मग साल सोलून, आपटून, धुवून वाख मोकळा करायचा. बैलाचं दावं त्याचं, आमच्या अंगावरची चादर कापसाची. चादरीनं बैल बांधता येत नाही आणि दाव्यात पोर गुंडाळता येत नाही. ही निवड लोकांनी सूक्ष्मदर्शक यायच्या कितीतरी शतकं आधी हातानंच केली होती.

तिसरी एक ऊती आहे, स्थूलकोन. परीक्षेत पोरं तिला हमखास विसरतात, आणि मला ती सगळ्यांत जवळची वाटते. पंढरपूरला आषाढीत तुळशी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका दिसतात. त्यातल्या एखाद्या कोवळ्या तुळशीची डहाळी बोटांत फिरवून पाहावी. ती गोल नाही, चौकोनी लागते. त्या चार कोपऱ्यांत स्थूलकोन ऊती असतात. त्यांच्या भित्तिका कोपऱ्याकोपऱ्यांत जाड, पण खळ न दिलेल्या. पेशी जिवंत, वाकणाऱ्या, झाडाबरोबर लांबत जाणाऱ्या. वाढत्या वयाला आधारही हवा आणि वाढायची मोकळीकही हवी, ते काम या करतात. डोक्यावरची तुळस मैलोन्‌मैल हिंदकळते आणि मोडत नाही. तीच तुळस जुनी झाली की बुडाशी लाकूड धरते, चौकोन जाऊन गोल होते, आणि त्या लाकडाचे मणी कातून माळ होते. माळ घातलेल्या माणसाच्या गळ्यात असतात त्या एके काळी पाणी वाहून नेणाऱ्या, कधीच्याच मेलेल्या नळ्या. डोक्यावर जिवंत ऊती आणि गळ्यात मृत ऊती, झाड एकच. त्या गर्दीत दर वर्षी मला हे आठवतं आणि भरून येतं.

पाण्याच्या नळ्यांचं म्हणायचं तर ते मला मामाच्या बागेत शिकायला मिळालं, आणि सुखासुखी मिळालं नाही.

मामाचं रान सांगोला तालुक्यात. माळरान, मुरमाड जमीन, पाण्याची कायमची ओढाताण. तिथं डाळिंबानं माणसं उभी केली. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधी २००५ पासून केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. मामानं आधी गणेश लावला, मग भगवा. रोपं स्वतःच बांधायचा. गुटी बांधताना त्याला पाहणं म्हणजे माझ्या साऱ्या पुस्तकांचा एक तास. पेन्सिलीएवढी फांदी धरायची, चाकूनं इंचभर अंतरावर दोन गोल चिरा द्यायच्या, मधली साल अंगठीसारखी काढायची. आतलं ओलं, बुळबुळीत लाकूड चाकूच्या पाठीनं खरवडायचं, "न्हाईतर साल पुन्हा जुळती." संजीवकाची पूड लावायची, ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात.

साल काढली तरी फांदी वाळत का नाही? कारण पाणी सालीतून जातच नाही, ते लाकडातून वर चढतं, आणि लाकूड शाबूत असतं. मुळं कापाच्या वरच्याच काठाला का फुटतात? कारण पानांनी केलेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांमधून खाली निघालेली असते. वाट तुटल्यावर ती वरच्या काठाशी तुंबते, आणि शेंड्याकडून येणारं संजीवकही तिथंच अडतं. तो बुळबुळीत थर, जो मामा खरवडायचा, तोच एधा, म्हणजे आत लाकूड आणि बाहेर साल घालत जाणारी विभाजी ऊती. "वरचा काठ कसा फुगलाय बघ," मामा बोट लावून दाखवायचा. जलवाहिनी आणि रसवाहिनी यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मी कुठल्याही फळ्यावर दाखवलेला नाही. नंतर मी वर्गात गुटीच बांधायला लागले.

रसवाहिनीचं थोडं सांगते. ती जिवंत असते, पण केंद्रकाविना. शेजारी सहपेशी असते, ती तिचं सगळं पाहते. एकीचा जीव दुसरीच्या आधारानं. ज्वारीवर मावा पडला की तो सोंड नेमकी त्या नळीत घालतो, आणि न पचलेली साखर पानांवर सांडते. शेतकरी म्हणतो, चिकटा पडला. पानं उन्हात तेल लावल्यासारखी चकाकतात.

मामाच्या बागेत मात्र आली ती मर. सुरुवातीला एकाच झाडाची एकच फांदी पिवळी पडली. मग झाड. मग शेजारचं. ठिबक चालू, जमीन ओली, आणि झाड तहानेनं माना टाकतंय. मामानं मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज मी ओळखला नाही. "तू शिकलीस ना यातलं. पानी हाय, मुळं हायती, खत हाय. मंग का वाळतंय?"

मी गेले. एक झाड त्यानं करवतीनं बुडातून कापलं आणि ओंडका माझ्या हातात दिला. फिकट पिवळसर लाकडात मधे काळपट तपकिरी डाग, दिव्याच्या काजळीनं बोट पुसावं तसे. सेराटोसिस्टिस नावाची बुरशी मुळांच्या जखमांतून आत शिरते आणि जलवाहिन्यांमध्ये पसरते. मी मामाला सांगितलं ते असं: पाणी खालून कुणी ढकलत नाही. पानांतून वाफ होते, ती ओढ नळीतल्या पाण्याच्या अखंड धाग्याला वर खेचते. डिक्सन आणि जॉली या दोघांनी १८९४ मध्ये हे मांडलं. त्या ओढीनं नळ्या आतल्या आत चेपू नयेत म्हणून त्यांच्या भिंतींना खळ दिलेली असते. आणि नळी मोकळी हवी म्हणून ती पेशी मोठी होते, भिंत घालते आणि मग स्वतःच्या आतलं सारं विरघळवून टाकते. केंद्रक, रस, सगळं. आडव्या भिंतीही. तिचा जीव जातो तेव्हाच पाण्याला वाट होते. तुझ्या झाडात ती वाट बंद झालीय. ठिबकचं पाणी मुळाशी आहे, पानापर्यंत त्याला रस्ताच राहिला नाही.

मामा ओंडक्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी दुष्काळ आतच पडला की."

त्या वर्षी त्यानं निम्म्याहून जास्त बाग काढली. मुळ्यांसकट उपटून, ढीग करून जाळली. बुरशी मातीत राहते, म्हणून लगेच डाळिंब लावायचं नव्हतं. रान दोन वर्षं मोकळं ठेवून तिथं ज्वारी केली. सांगोल्याच्या त्या रानात मला पुन्हा आप्पांची मालदांडी दिसली. पोटऱ्यात असताना अवकाळीचा एक तडाखा बसला आणि सगळं पीक लोळलं. मामी बांधावर डोक्याला हात लावून बसली. आठवड्यानं मी परत गेले तर धाटांची बुडं आडवीच, पण शेंडे आभाळाकडं वळलेले. गवताच्या कुळातल्या झाडांना कांड्या-कांड्याशी वाढ राखून ठेवायची सवय असते. धाट आडवं झालं की सांध्याच्या खालच्या बाजूच्या पेशी लांबतात आणि कोपरात हात वाकवावा तसं धाट वर उठतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गवत जनावरांनी खाल्लं तरी पुन्हा येतं तेही अशाच राखीव वाढीमुळं. शेंडा जातो, पण बुडाजवळ वाढणारी जागा शिल्लक असते. कणसं थोडी हलकी भरली. कडबा चांगला निघाला.

गेल्या वर्षी मामानं पुन्हा डाळिंब लावलं. या वेळी गुट्या नाहीत. "टिश्यू लावली," तो म्हणाला. करमाळ्याकडं, कंदरच्या भागात केळीवाले हा शब्द कधीपासून वापरतात. आता डाळिंबवालेही वापरतात. रोपालाच टिश्यू म्हणतात. निरोगी झाडाच्या डोळ्याचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून केलेली रोपं ती. झाडाच्या एका पेशीत अख्खं झाड व्हायची ताकद असते, असं गॉटलिब हाबरलांट यानं १९०२ मध्ये म्हटलं; त्याला ते करून दाखवता आलं नाही. १९५८ मध्ये स्टुअर्ड यानं गाजराच्या रसवाहिन्यांच्या भागातल्या पेशींपासून गाजराचं रोप उभं केलं. म्हणजे ज्या पेशीनं आपली जागा धरली होती, आपलं पान उघडलं होतं, तीही एकटी पडल्यावर पोथी पहिल्या पानापासून वाचू शकते. मेलेली जलवाहिनी मात्र नाही. तिनं पोथीच पाण्याला देऊन टाकलेली असते.

एप्रिलमध्ये मी रानात होते. ऊन असं की मुरमावर पाय ठरत नव्हता. ओळीतल्या काही रोपांची पानं करपून गळाली होती, काड्या तेवढ्या उभ्या. मी काही बोलले नाही. मामा वाकला, एका काडीला दोन बोटांत धरलं आणि अंगठ्याच्या नखानं साल हलकेच खरवडली, आप्पा धाटाला नख लावायचे तसंच. वरचा राखी पापुद्रा निघाला. त्यानं डोळे बारीक केले, मला जवळ बोलावलं. सालीच्या आत, लाकडाला लागून, पोपटी ओली रेघ होती.

"हिरवं हाय," तो म्हणाला, आणि पुढच्या रोपाकडं गेला.